नऊवारीपासून पाचवारीपर्यंत: मराठी स्त्रीच्या वेशाची चाळीस वर्षं



विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी मुलुखातल्या कुठल्याही रस्त्यावर समोरून एक बाई येताना दिसली, तर ती जवळ पोचण्याआधीच तिच्याबद्दल काय काय कळत असे? सवाष्ण की विधवा, हे कळत असे. लग्न झालंय की व्हायचंय, हे कळत असे. ब्राह्मणाघरची, मराठ्याघरची, कोळीवाड्यातली की गावकुसाबाहेरची, हेही कळत असे. घर सुस्थितीतलं की ओढगस्तीचं, याचा अंदाज येत असे. त्यासाठी तिनं तोंड उघडायची गरज नव्हती. लुगडं सांगत होतं, चोळी सांगत होती, लुगड्याचा काठ पायावर कुठं थांबतो ते सांगत होतं.

आज ज्या चाळीस वर्षांबद्दल बोलायचं आहे, साधारण १९०० ते १९४०, त्या काळात ही दुरून वाचता येणारी ओळख पुसट होऊ लागली. ती आपोआप पुसट झाली नाही. बायकांनी ती पुसली. कुणी शिकून, कुणी शिवून, कुणी परिषदेच्या मांडवात उभ्या उभ्या लुगडं बदलून. स्त्रियांच्या पोशाखाचा इतिहास म्हणजे हौसेचा इतिहास, असं समजून तो पुरवण्यांच्या रंगीत पानांवर सोडून दिला जातो. त्यात हौस होतीच, आणि ती का नसावी? पण या चाळीस वर्षांत वेशातला प्रत्येक बदल कुणाच्या तरी नजरेला नजर देऊन करावा लागला. म्हणून तो सामाजिक इतिहासाच्या मुख्य पानावर यायला हवा.

आधी नऊवारीच नीट पाहू. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. एवढं लांब, न कापलेलं, न शिवलेलं एकच वस्त्र. कमरेशी गाठ मारायची, पदराला लागेल तेवढा भाग सोडायचा, उरलेल्याच्या निऱ्या काढून त्या पुढं खोचायच्या. मग खालचा भाग दोन पायांमधून मागं ओढून घ्यायचा आणि पाठीशी कमरेत घट्ट खोचायचा. हा कासोटा. त्याला टाचणी लागत नाही, हूक लागत नाही, नाडी लागत नाही, आत परकरही लागत नाही. सगळा भार एका गाठीवर आणि दोन ठिकाणच्या खोचण्यावर. दोन्ही पाय सुटे राहतात. भाताच्या खाचरात उतरता येतं, विहिरीवर ओणवं होता येतं, मांडी घालून जात्यावर बसता येतं, घोड्यावर बसता येतं.

हे वस्त्र सगळ्यांचं एकच, पण नेसण निराळी. ब्राह्मण घरांत लुगडं घोट्यापर्यंत येई. मराठा खानदानी घरांत पदर डोक्यावरून आणि अंगभर. कोळणी लुगडं गुडघ्यापर्यंत आवळून नेसत, कारण काम पाण्याचं आणि माशांच्या पाट्यांचं. शेतात राबणाऱ्या बाईचं लुगडंही वरच खोचलेलं. इथवर ते कामाच्या सोयीचं झालं. पण सोय कुठं संपते आणि सक्ती कुठं सुरू होते? एखाद्या जातीच्या बाईनं काम नसतानाही, जत्रेतही, लग्नातही लुगडं घोट्यापर्यंत सोडू नये, असा गावाचा दंडक असला तर त्याला सोय म्हणता येत नाही. या प्रश्नाकडे पुन्हा यायचंच आहे.

पाचवारी आली ती मुंबईच्या वाटेनं, आणि तिची सुरुवात विसाव्या शतकाच्या बरीच आधी झाली. सत्येंद्रनाथ टागोर हे सनदी सेवेत निवडले गेलेले पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि १८६४ साली त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी कलकत्त्याहून मुंबईला आल्या. बंगाली अंतःपुरातली साडी तेव्हा एकपदरी, आत पोलकं नाही की परकर नाही. ती नेसून चारचौघांत जाणं त्यांना अशक्य होतं. मुंबईत हे दांपत्य माणकजी करसेटजी या पारशी सुधारकांच्या घरी उतरलं. पारशी बायका साडीखाली पोलकं आणि परकर घालत. ज्ञानदानंदिनींनी ती पद्धत उचलली, तिच्यात आपले फेरफार केले आणि बंगालमध्ये परत नेली. तिथं ती ब्राह्मो घरांत रुजली, म्हणून तिला ब्राह्मिका साडी म्हणू लागले. आज देशभर जी साडी भारतीय स्त्रीचा सनातन वेश म्हणून ओळखली जाते, तिची घडण एका बंगाली सुनेनं मुंबईच्या पारशी घरात पाहिलेल्या नेसणीतून झाली. सनातन म्हणवणाऱ्या किती गोष्टींचं वय असं दीडशे-पावणेदोनशे वर्षांचं निघतं!

मराठी बाजूनं पहिली ठळक नोंद आनंदीबाई जोश्यांची. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाची थंडी आणि नऊवारीत मागून उघड्या राहणाऱ्या पोटऱ्या, हे जमणारं नव्हतं. त्यांनी तिथं गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. मराठी मुलीनं कासोटा सोडला. तोही कुठं? जिथं तिला नावं ठेवायला शेजारी नव्हते. इथं ते सोपं नव्हतं. धर्मकृत्याला सकच्छ, म्हणजे कासोटा मारलेलं, वस्त्रच हवं, हा नियम. ‘गोल’, म्हणजे कासोट्याशिवाय, नेसणारी बाई म्हणजे परक्यांच्या चालीची, अशी बोलणी खावी लागत. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत मराठी घरात गोल पातळ नेसणं म्हणजे देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत वाद ओढवून घेणं.

आता एक प्रश्न विचारायलाच हवा. चालायला, धावायला, वाकायला, कष्टाला नऊवारी सोयीची. पाचवारीत पाऊल आखूड पडतं, खाली परकर घालावा लागतो, बसताना-उठताना निऱ्या सांभाळाव्या लागतात. मग शिकलेल्या, घराबाहेर पडू पाहणाऱ्या, कॉलेजात आणि कचेरीत जाऊ इच्छिणाऱ्या मुलींनी नेमकी हीच साडी का निवडली? मोकळीक हवी होती, तर मोकळं वस्त्र का सोडलं?

एक कारण नजरेचं. इंग्रजी अमदानीत सभ्यपणाच्या कल्पना बदलल्या. आजीला ज्या पोटऱ्या उघड्या वाटतच नव्हत्या, त्या नातीला उघड्या वाटू लागल्या. दुसरं पैशाचं. पाच वारांना कापड कमी लागतं, आणि मुंबई-सोलापूरच्या गिरण्यांतून निघणारी हलकी पातळं गरीब-मध्यम घरांच्या आवाक्यात आली. तिसरं मुंबईचं. चाळीत, ट्रॅममध्ये, शाळेत गुजराती, पारशी, सारस्वत, ख्रिस्ती, पाठारे प्रभू बायका रोज एकमेकींना पाहत होत्या. पण या तिन्हींहून मोठं कारण चौथं. नऊवारीच्या नेसणीत जात होती, पोटजात होती, गाव होतं. पाचवारीत ते नव्हतं. पाचवारी नेसलेली मुलगी कुठल्या आळीतली, हे दुरून सांगता येत नव्हतं. पायांची मोकळीक थोडी गमावून तिनं ओळखीपासून सुटका मिळवली. हा सौदा तिनं समजून-उमजून केला, असं मानायला जागा आहे.

लुगड्याबरोबर चोळी बदलली, आणि तिथला बदल अधिक शांतपणे झाला. जुनी चोळी खणाची. खण गुळेदगुड्डचा, लुगडं इरकलचं, ही जोडी देशावर आणि कर्नाटकात रूढ. दोन्ही गावं तेव्हा मुंबई इलाख्यातल्या विजापूर जिल्ह्यात होती. लुगड्याचा लाल रेशमी पदर इरकलचे विणकर वेगळा ताणा लावून जोडत, तो टोपपदर. चोळी बाई घरीच हातानं शिवे. समोर गाठ, बाह्या दंडापर्यंत, काखेत ठुशीचा तुकडा, खणाचा काठ दंडावर दिसेल अशी बेतणी. बटण नाही. अंग वाढलं की गाठ सैल, कमी झालं की घट्ट. लेकुरवाळ्या बाईला याहून सोयीचं काय असणार?

मग पोलकं आलं. लांब बाह्या, गळ्याशी कॉलर, कधी लेस, कधी खांद्याशी फुगा, समोर बटणं. शतकाच्या पहिल्या दोन दशकांत स्टुडिओत काढलेली घराण्याची छायाचित्रं पाहिली तर हाच थाट दिसतो. नऊवारी लुगडं, त्यावर इंग्रजी धर्तीचं पोलकं, खांद्यावर ब्रोच, हातात छत्री किंवा पुस्तक. छायाचित्रातली छत्री शोभेची वाटते, पण रस्त्यावर ती तशी नव्हती. बाईनं पायांत चढाव घालून, छत्री घेऊन रस्त्यानं चालणं हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला उद्धटपणा मानला जाई. वहाण आणि छत्री हे पुरुषाचे मान. बाईनं ते वापरले की वडीलधाऱ्यांपुढं तोरा मिरवल्याचा आरोप ठरलेला.

पोलक्यानं आणखी एक गोष्ट केली. चोळी घरात जन्मत होती, पोलकं दुकानात गेलं. बटणपट्टी, गळा, टक्स, खांद्याची जोड, हे माप घेतल्याशिवाय होत नाही. शिंपी पुरुष. परपुरुषानं अंगाचं माप कसं घ्यायचं? त्यावर तोडगा निघाला: जुनं पोलकं ‘मापाला’ द्यायचं. ही रीत अजून चालू आहे. दुसरा तोडगा जास्त महत्त्वाचा. बायका शिवण शिकल्या. सिंगरचं यंत्र घराघरांत येऊ लागलं होतं. रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं, आणि तिथं ज्या गोष्टी शिकवल्या जात त्यांत शिवणकाम होतं. तरुण विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या बायका, शिक्षण अर्धवट राहिलेल्या सुना यांच्या हातात त्यातून चार पैसे आले. १९३० साली किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक निघालं. वेश, शिवण, विणकाम हे विषय छापील पानावर आले. जे आई मुलीला सांगत होती ते आता एक अनोळखी बाई हजार बायकांना सांगू लागली, आणि कुठल्याही जातीच्या वाचणाऱ्या मुलीला ते उपलब्ध झालं.

मुलींबद्दल थोडं. परकर-पोलकं हा कुमारिकेचा वेश. मुलगी चिरडी, म्हणजे लहान लुगडं, नेसली, पुढं मोठ्या लुगड्यात गेली, की बालपण संपलं. मुलीचं लग्न नऊ-दहाव्या वर्षी होत होतं तेव्हा परकर-पोलक्याची वर्षं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हुजूरपागेसारख्या शाळांत मुली टिकू लागल्या, लग्नाचं वय चढू लागलं, १९२९ चा शारदा कायदा आला आणि किमान वय चौदा ठरलं. या सगळ्याचा एक दिसणारा परिणाम म्हणजे परकर-पोलक्याची वर्षं वाढली. तेवढं बालपण वाढलं.

आता रंगाकडे वळू. जुन्या लुगड्यांच्या रंगांची नुसती नावं घेतली तरी जीभ सुखावते: डाळिंबी, अंजिरी, अबोली, गुलबक्षी, मोतिया, कुसुंबी, राघू, मोरपंखी. संक्रांतीला काळी चंद्रकळा. हे रंग कुणाचे? सवाष्णीचे. नवरा गेला त्या दिवशी हे सगळे रंग गेले. ब्राह्मण घरातल्या केशवपन केलेल्या विधवेला एकच रंग उरला, आलवणाचा मातकट तांबडा. चोळी नाही. कुंकू नाही. डोक्यावरून ओढलेलं एक आलवण, आणि त्याच्याआड कधी सत्तर वर्षांची म्हातारी, कधी पंधरा वर्षांची पोर.

अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, पुढं तो हिंगण्याला गेला. तिथं विधवा शिकत होत्या. पार्वतीबाई आठवले या कर्व्यांच्या मेव्हणी. स्वतः केशवपन झालेल्या. आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या, आणि बरीच वर्षं त्याच वेशात. ज्या वेशाविरुद्ध बोलायचं तोच अंगावर, हे त्यांना खुपत राहिलं. शेवटी त्यांनी केस वाढवले. १९१८ साली त्या अमेरिकेला गेल्या. केस राखण्याचा निर्णय त्यांनी उतारवयाकडे झुकताना घेतला, स्वतःच्या शोभेसाठी नव्हे, पाठीमागून येणाऱ्या मुलींसाठी. त्यांच्या या निर्णयाला जाहीर भाषणाइतकंच मोल आहे.

पण इतिहास एका दिशेनं चालत नाही. डॉ. रखमाबाईंचं उदाहरण घ्या. बालपणी झालेलं लग्न नाकारून ज्यांनी १८८० च्या दशकात अवघा देश हलवला, नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करायची तयारी दाखवली, लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेला इस्पितळ चालवलं, त्याच रखमाबाईंनी १९०४ साली त्या नाकारलेल्या लग्नातला नवरा दादाजी वारल्यावर विधवेची पांढरी साडी धारण केली. ज्याला नवरा मानलंच नाही, त्याच्या मरणानंतर! याचा अर्थ काय लावायचा? हार मानली म्हणायचं? त्यांचं उरलेलं आयुष्य पाहता तसं म्हणता येत नाही. एवढं मात्र कळतं की कोर्टात झुंजता येतं, पण वेशाची पकड त्या झुंजीनं सुटत नाही.

आणि आता महाड.

डिसेंबर १९२७. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. डिसेंबरच्या परिषदेत २५ तारखेला मनुस्मृतीचं दहन झालं. हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. त्याच परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर वेगळं भाषण केलं, हे तितकं सांगितलं जात नाही. ते भाषण कपड्यांबद्दल होतं. लुगडं नेसण्याची तुमची पद्धत ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती खूण तुम्ही स्वतः पुसा, असा त्याचा आशय. वरच्या म्हणवणाऱ्या जातींच्या बायका नेसतात तसं नेसा. कोपरापर्यंतच्या कथलाच्या-चांदीच्या बांगड्या, गळ्यातल्या जड माळा यांवरून तुम्ही ओळखल्या जाता, त्या टाका. स्वच्छ राहा. मुलींना शिकवा.

दासगाव, महाड, पोलादपूरच्या आसपासच्या गावांतून चालत आलेल्या त्या बायका. त्यांनी काय केलं? घरी जाऊन विचार करतो म्हणाल्या का? सासूला, नवऱ्याला, गावच्या पाटलाला विचारतो म्हणाल्या का? परिषद संपून गावी परतण्यापूर्वीच अनेकींनी लुगडं घोट्यापर्यंत नेसलं. चळवळीत सामील असलेल्या चित्रे आणि टिपणीस या कायस्थ कुटुंबांतल्या स्त्रियांनी त्यांना ते नेसून दाखवलं. क्षणभर हे दृश्य डोळ्यांपुढं आणावं. एका बाजूला पिढ्यान्‌पिढ्या गुडघ्यावर थांबवलेला काठ. दुसऱ्या बाजूला एक कायस्थ बाई, दुसरीच्या निऱ्या हातात घेऊन त्या खाली सोडते आहे. जिच्या सावलीचा विटाळ मानायचा तिच्या कमरेला हात लावून निऱ्या खोचते आहे. तळ्याच्या पाण्याला हात लावण्याइतकीच ही गोष्ट मोठी होती. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास आस्थेनं गोळा केला, म्हणून या बायकांची आठवण छापील रूपात टिकली.

चार-सहा इंच खाली सोडलेल्या काठानं कुणाचं काय बिघडणार होतं, असं कुणी विचारेल. उत्तर त्याच आठवड्यांत इंदूरकडून आलं. इंदूर संस्थान होळकरांचं, म्हणजे मराठी राज्यकर्त्यांचंच. तिथल्या कनारिया, बिचोली आणि आसपासच्या गावांत सवर्ण गावकऱ्यांनी बलाई या अस्पृश्य जातीला नियम घालून दिले. जानेवारी १९२८ मध्ये त्याची बातमी छापून आली आणि पुढं बाबासाहेबांनी ती आपल्या जातिनिर्मूलनावरच्या प्रसिद्ध निबंधात घेतली. पुरुषांनी जरीकाठी पागोटी घालू नयेत, रंगीत काठाची धोतरं नेसू नयेत. बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालू नयेत, नक्षीदार घागरे आणि जाकिटं घालू नयेत. म्हणजे धोतराच्या काठाचा रंगसुद्धा गाव ठरवणार. बलायांनी नकार दिला, तेव्हा त्यांचं पाणी तोडलं, गुरांची वाट अडवली. काठाला एवढी किंमत होती. म्हणून महाडला तो खाली आला त्याचं मोल आहे.

एक बारकावा मात्र नोंदवायला हवा. गरीब बाईच्या हातापायांतली चांदी ही तिची शिल्लकही असते; अडीनडीला तीच सावकाराकडे जाते. ती उतरवणं सोपं नव्हतं. तरी त्यांनी उतरवली.

आता वाट बदलू. उत्तम नेसणं म्हणजे काय, हे त्या काळी बायकांनी पाहिलं कुठं? खानदानी बाई चारचौघांत येत नव्हती. मग नमुना कुणाचा? दोन जागा होत्या. एक चित्र, दुसरी रंगभूमी. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढं तो मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, शकुंतला कागदावर छापून घरोघर पोचल्या आणि भिंतीवर चढल्या. देवीला साडी नेसवली ती रविवर्म्यांनी, आणि त्यांच्या कितीतरी नायिकांची नेसण मराठी आहे. म्हैसूरला असलेल्या त्यांच्या वादिकांच्या समूहचित्रात निरनिराळ्या प्रांतांच्या बायका शेजारी शेजारी आहेत, त्यांत नऊवारीतली मराठी स्त्रीही आहे. महादेव विश्वनाथ धुरंधरांनी आणखी खाली उतरून पाहिलं. १९२० साली निघालेल्या ऑटो रॉथफील्डच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकासाठी त्यांनी केलेली चित्रं पाहा. नेसण, काठ, दागिने इतके नेमके टिपलेले आहेत की अभ्यासकाला ती कागदपत्रांसारखी वापरता येतात.

रंगभूमीवर होते नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. १९११ च्या ‘मानापमाना’त श्रीमंत भामिनी आणि तीच साध्या वेशातली वनमाला, १९१६ च्या ‘स्वयंवरा’त रुक्मिणी, १९१९ च्या ‘एकच प्याल्या’त दारिद्र्यात पिचणारी सिंधू. शालू खरे, अत्तरं खरी. पदर कसा घ्यावा, गजरा कुठं माळावा, निऱ्या किती बारीक काढाव्या, हे पाहायला बायका नाटकाला जात आणि घरी येऊन तसं करत. कुलीन स्त्रीचं चारचौघांत दिसू शकणारं एकमेव रूप एका पुरुषाचं होतं. बालगंधर्वांच्या कलेचा मान राखूनच हे म्हणावं लागतं की त्यात त्या समाजातल्या बायकांची केवढी कोंडी दिसते! हिराबाई बडोदेकरांनी १९२९ साली स्वतःची नाटक मंडळी काढली, तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. खांद्याभोवती पदर लपेटून, साध्या साडीत बसलेली गायिका पाहायला मध्यमवर्गीय बायका सभागृहात आल्या. तेव्हा कुठं बाईनं बाईला मंचावर पाहिलं.

राजकारणानंही लुगड्याला हात घातला. १९०५ च्या स्वदेशीत पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. ३१ जुलै १९२१ ला परळला गांधीजींच्या उपस्थितीत त्याहून मोठी झाली. बायकांपुढं अडचण वेगळीच होती. सुरुवातीची खादी जाड आणि अरुंद पन्ह्याची. साबरमती आश्रमातल्या पहिल्या खादीचा पन्हा होता ३० इंच. ४५ इंचांचं धोतर मिळावं म्हणून गांधीजींना गंगाबेन मजमुदारांकडे हट्ट धरावा लागला. पुरुषाच्या धोतराची ही कथा, तर नऊ वार लुगड्याचं काय? तसलं लुगडं नेसून वावरायचं म्हणजे अंगावर ओझं, धुतलं की वाळायला दिवस. तरी बायकांनी ते नेसलं. १९१८ साली मुंबईत हिंद महिला समाज स्थापन करणाऱ्या अवंतिकाबाई गोखले तर गांधीजींच्या वाढदिवसाला स्वतः कातलेल्या सुताची धोतरं देत. १९३० साली देशसेविका केशरी खादीच्या साड्या नेसून मुंबईत परदेशी कापडाच्या दुकानांसमोर निरोधन करायला उभ्या राहिल्या. गुजराती, मराठी, पारशी, सगळ्यांच्या अंगावर एकच रंग. पोलिसाला त्यांतली कोण कुठल्या जातीची, हे साडीवरून सांगता आलं नसतं.

बडोद्याच्या राजवाड्यात हाच बदल एका घरात, एका पिढीत झाला. महाराणी चिमणाबाई, माहेरच्या देवासच्या घाटग्यांच्या गजराबाई. युरोप पाहिलेल्या, पडदा सोडलेल्या, जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष. विचारानं पुढच्या, आणि वेश नऊवारीचा. त्यांची मुलगी इंदिराराजे कूचबिहारला गेली, १९२२ साली विधवा झाली, आणि तिनं विधवेचा पांढरा रंग फ्रान्समध्ये विणलेल्या शिफॉनच्या साडीत बदलला. संस्थानी घराण्यांत शिफॉनची चाल तिच्यापासून पसरली. आईनं नेसण तीच ठेवून हक्क मागितले. मुलीनं नेसणच बदलली. दोघींपैकी एकीला जुनी आणि दुसरीला नवी म्हणणं सोपं आहे. पण परिषदेत मुलींच्या शिक्षणाचा ठराव मांडणाऱ्या सभेचं अध्यक्षपद नऊवारीनं भूषवलं होतं, हे विसरता कामा नये.

१९४० च्या दशकात या बदलाचं काम उरलंसुरलंच होतं. शहरांतल्या शाळा-कॉलेजांत गोल पातळ सवयीचं झालं होतं. महायुद्धात कापडाची टंचाई आली, १९४३ साली कापडावर नियंत्रण आलं, आणि नऊ वार एका तुकड्यात मिळवणं मध्यमवर्गीय घरांना जड जाऊ लागलं. ज्या सासवांनी वीस वर्षं कासोट्यासाठी भांडण केलं, त्यांच्या सुनांना आता महागाईनं साथ दिली.

नऊवारी गेली नाही. कोकणातल्या भातलावणीत, ससून डॉकवर पहाटे उतरणाऱ्या मासळीपाशी, उसाच्या फडात ती राहिली. मुंबईच्या कापडगिरण्यांत १९२० च्या दशकात सुमारे पाचवा हिस्सा कामगार बायका होत्या. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत, कासोटा मारून, दिवसभर उभ्या. शहरातल्या मुलींच्या गोल पातळांचं सूत त्यांनी गुंडाळलं. सुधारणेच्या इतिहासात त्यांच्या लुगड्याबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. त्या लिहिण्याचं काम अजून शिल्लक आहे, आणि त्याची साधनं गिरण्यांच्या दप्तरांत, युनियनच्या जुन्या छायाचित्रांत आणि लालबाग-परळच्या घरांतल्या आठवणींत आहेत. इथं बसलेल्या तरुण अभ्यासकांपैकी कुणी ते हाती घेतलं, तर या व्याख्यानमालेला पुढचं व्याख्यान तिथून मिळेल.